कपाशीचं शिवार आणि ३७वा अहवाल: एका संसदीय चौकशीचा प्रकरण अभ्यास

९ ऑगस्ट २०१२ रोजी संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने आपला ३७वा अहवाल मांडला. विषय होता जनुक-बदल अन्नपिकांची लागवड, तिच्याकडून असलेल्या अपेक्षा आणि तिचे परिणाम. समितीचे अध्यक्ष होते बासुदेव आचार्य, पश्चिम बंगालमधल्या बांकुरा मतदारसंघातून १९८० पासून २०१४ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आलेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार. बांकुरा हा मुरमाड जमिनीचा, पावसाच्या भरवशावर शेती करणारा जिल्हा. विदर्भातल्या माणसाला तो परका वाटू नये. आचार्य कृषिशास्त्रज्ञ नव्हते. संसदेत त्यांचं नाव घेतलं जायचं ते रेल्वे आणि कामगारांच्या प्रश्नांसाठी.

अहवालाची मागणी मात्र आडपडदा न ठेवणारी होती. जनुक-बदल पिकांच्या खुल्या शेतातल्या चाचण्या थांबवा, संशोधन बंदिस्त जागेतच ठेवा, बीटी वांग्याला (जिवाणूचं जनुक घालून अळीरोधक केलेल्या वांग्याला) मंजुरी कशी मिळाली याची सुरुवातीपासून चौकशी करा आणि जैवसुरक्षेसाठी वेगळा, सर्वंकष कायदा आणा. केंद्रातल्या कृषी आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन्ही खात्यांची दिशा याच्या बरोबर उलट होती. समितीत सत्ताधारी काँग्रेसचेही सदस्य होते. तरी अहवाल एकमताने मंजूर झाला, एकाही सदस्याची भिन्नमत टिपणी त्याला जोडलेली नाही.

ग्रामीण भागातून निवडून गेलेला सदस्य सभागृहात आणि समितीत नेमकं काय करू शकतो, आणि त्याचा हात कुठे तोकडा पडतो, हे पाहायला हे प्रकरण चांगलं आहे.

सभागृहात जागा किती?

लोकसभेच्या सदस्याकडे शेतीचा प्रश्न मांडायला मार्ग बरेच आहेत, पण प्रत्येकाचं माप ठरलेलं आहे. तारांकित प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात, तेही सोडतीने, आणि प्रश्नोत्तराच्या तासात त्यातले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. उपप्रश्न विचारायला मिळाला, तर मंत्र्याच्या हातात खात्याने तयार करून दिलेली टिपणी असते. शून्य प्रहरात दोन-तीन मिनिटं मिळतात आणि उत्तर देणं मंत्र्यावर बंधनकारक नसतं. नियम ३७७ खालचं निवेदन २५० शब्दांत बसवावं लागतं. त्याला लेखी उत्तर येतं, पण ते महिन्यांनी आणि बहुधा खात्याच्या ठरलेल्या भाषेत.

जनुक-बदल बियाण्यासारखा विषय या साच्यांत मावत नाही. ‘बीटी कापसाने शेतकऱ्याचा फायदा झाला का?’ असं विचारलं की उत्तरात देशाची सरासरी येते. ती खोटीही नसते: २००२-०३ मध्ये हेक्टरी ३०२ किलो असलेली रुईची उत्पादकता २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेली होती. पण त्या सरासरीत गुजरातमधला ओलिताचा कापूस आणि यवतमाळच्या हलक्या जमिनीवरचा कोरडवाहू कापूस एकाच रकान्यात बसलेले असतात. दोन मिनिटांत हा फरक उलगडायचा कसा? मंत्री सरासरी वाचून खाली बसतात आणि अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात.

समितीत हेच गणित बदलतं. खात्याचा सचिव समोर बसलेला असतो, प्रश्न दोन तास चालतात आणि ‘ही माहिती नंतर पाठवतो’ असं त्याने म्हटलं की समिती सचिवालय ते टिपून घेतं आणि लेखी उत्तर मागवतं. बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसल्यामुळे सत्ताधारी पक्षाचा खासदारही स्वतःच्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. समित्यांचं कामकाज उघड करा, थेट दाखवा, अशी मागणी वरचेवर होते. तिच्यात तथ्य आहे, पण हा ३७वा अहवाल एकमताने निघाला तो बंद दारामुळेच, असं आमचं मत आहे.

चौकशी कशी चालते

खात्यांशी जोडलेल्या अशा २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही आणि मंत्र्याला साक्षीलाही बोलावत नाहीत. समोर येतात ते सचिव आणि त्यांचे अधिकारी. गणपूर्तीला एक तृतीयांश सदस्य लागतात. समितीची मुदत एकाच वर्षाची, दर वर्षी ती नव्याने नेमली जाते. त्यामुळे लांबलेला विषय पुढच्या वर्षी पुन्हा निवडून घ्यावा लागतो, आणि मधल्या काळात सदस्यही बदलतात. दीर्घ चौकशीचा पहिला शत्रू हाच. ज्याने सचिवाची साक्ष कान देऊन ऐकली तो सदस्य अहवालाच्या मसुद्यावर चर्चा होताना समितीत असेलच असं नाही. अध्यक्ष कायम राहिला तर धागा टिकतो. आचार्य २००९ पासून संपूर्ण पंधराव्या लोकसभेत या समितीचे अध्यक्ष राहिले आणि हा विषय दोन वर्षांहून अधिक काळ चालू शकला, यात योगायोगापेक्षा चिकाटीचा भाग मोठा.

क्रम साधारण असा असतो. विषय ठरला की खात्याकडून प्राथमिक टिपण मागवतात. त्यावर सचिवालय प्रश्नावली तयार करतं. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवली जातात. ती वाचून कोणाला तोंडी साक्षीला बोलवायचं ते ठरतं. आधी बाहेरचे साक्षीदार, मग खातं. हा क्रम महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञ, शेतकरी संघटना आणि कंपन्या काय म्हणाल्या ते हाताशी असलं तरच सचिवाला नेमकं विचारता येतं. सचिव आधी आला, तर समिती त्याचंच टिपण त्याला वाचून दाखवते.

या चौकशीत ४६७ निवेदनं आली, बहुतेकांवर अनेकांच्या सह्या होत्या. कागदपत्रं चौदा हजार पानांच्या वर गेली. ५० व्यक्ती आणि संस्थांची तोंडी साक्ष झाली.

निवेदन देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समितीच्या जाहिरातीत निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत, दोन प्रतींत मागितलेलं असतं. ते दिलं की समितीच्या कागदपत्रांचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. नंतर तेच निवेदन वर्तमानपत्राला दिलं तर विशेषाधिकारभंगाचा मुद्दा येऊ शकतो. गावपातळीवरच्या संघटना इथे हमखास चुकतात: निवेदन पाठवतात आणि त्याच संध्याकाळी पत्रकारांना वाटतात. दुसरी चूक म्हणजे एकाच छापील मजकुरावर शेकडो सह्या. त्याने आकडा फुगतो, पण सचिवालयाच्या सारांशात त्या सगळ्या मिळून एकच मुद्दा होतात. त्यापेक्षा एका शेतकऱ्याचा तीन हंगामांचा हिशेब, बियाण्याच्या पावत्या आणि मोजमापासह पाठवला तर तो सारांशात वेगळा उभा राहतो.

साक्षीदाराला सुरुवातीलाच सांगितलं जातं की त्याची साक्ष प्रसिद्ध होण्याजोगी मानली जाईल. काही भाग गोपनीय ठेवायचा असेल तर त्याने तसं स्पष्ट म्हणावं लागतं. सरकार एखादं कागदपत्र नाकारू शकतं, पण कारण एकच चालतं: ते उघड होणं राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक आहे. ‘व्यापारी गुपित’ हे संसदीय समितीला नकार देण्याचं कारण नाही. बियाण्याच्या विषयात हे कलम कामाला येतं, कारण सुरक्षा-चाचण्यांची कच्ची आकडेवारी याच सबबीखाली लोकांपासून दडवली जाते.

बीटी वांग्याचा धागा

चौकशीच्या पोटात खरा वाद वांग्याचा होता. १४ ऑक्टोबर २००९ रोजी पर्यावरण खात्याच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने, म्हणजे जीईएसीने, बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंजुरीला स्थगिती दिली. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातला ‘मंजुरी’ हा शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ आला.

स्थायी समितीने हा धागा उचलला. सर्वोच्च न्यायालयाने जीईएसीवर नेमलेले निरीक्षक, हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्पमित्र भार्गव यांची साक्ष झाली. वांग्याच्या फाइलवर मत देणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या अध्यक्षांवर मंजुरीसाठी दबाव होता, हे त्यांचं म्हणणं अहवालात नोंदलं गेलं. समितीने ते ऐकीव म्हणून सोडून दिलं नाही. हे निव्वळ दुर्लक्ष किंवा मानवी चूक नसून संगनमत दिसतं, असा कठोर शेरा मारून तिने सखोल चौकशीची शिफारस केली.

दुसरा नाजूक मुद्दा अधिकारकक्षेचा. जीईएसी पर्यावरण खात्याखाली, प्रयोगशाळेतल्या संशोधनाची परवानगी जैवतंत्रज्ञान विभागाखाली, अन्नसुरक्षा आरोग्य खात्याखाली. कृषी समितीची हद्द मात्र कृषी मंत्रालयापुरती. पर्यावरण आणि विज्ञान-तंत्रज्ञान यांची स्थायी समिती वेगळी आहे आणि ती राज्यसभेच्या अखत्यारीत चालते. कृषी समितीने इतर खात्यांचे अधिकारी बोलावले ते ‘पीक हा आमचा विषय आहे’ या आधारावर. चौकशीसाठी हे धाडस उपयोगी ठरलं, अंमलबजावणीला मात्र अडचणीचं. शिफारशींवर उत्तर देण्याची जबाबदारी समितीशी जोडलेल्या खात्याची असते. बाकीच्या खात्यांचं म्हणणं तेच गोळा करून पाठवतं, आणि या वाटेत प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं.

यवतमाळचा दौरा

२००८ मध्ये एका इंग्रजी दैनिकात पानभर मजकूर आला होता. बीटी कापसामुळे यवतमाळ जिल्ह्यातली भांबराजा आणि अंतरगाव ही गावं सुखी झाली, तिथे आत्महत्या होत नाहीत, असा त्याचा सूर. ऑगस्ट २०११ मध्ये तोच मजकूर जाहिरातीच्या रूपात पुन्हा छापला गेला. जैवतंत्रज्ञान नियमन प्राधिकरणाचं विधेयक संसदेत आणायच्या हालचाली तेव्हाच चालू होत्या.

मार्च २०१२ मध्ये समिती भांबराजा आणि मारेगाव इथे गेली. गावकऱ्यांनी सांगितलं ते जाहिरातीच्या उलट होतं: गावात आत्महत्या झाल्या आहेत, लागवडीचा खर्च वाढला आहे, काहींनी जमीन पडीक ठेवली आहे, काही सोयाबीनकडे वळले आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये ‘द हिंदू’त जाहिरात आणि गावकऱ्यांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं.

खर्च वाढतो तो कसा, हे समजून घेतल्याशिवाय ही साक्ष नुसती व्यथा वाटते. २००२ मध्ये परवानगी मिळालेलं बीटी वाण भारतात संकरित बियाण्यातच आलं. संकरित म्हणजे सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, दर हंगामी नवं पाकीट (तेव्हा ४५० ग्रॅमचं) विकत घ्यावं लागतं. २००६ मध्ये सरकारी हस्तक्षेपानंतर किंमत ७५० रुपयांवर आली, त्याआधी ती दुपटीहून अधिक होती. पाऊस लांबला, पहिली पेरणी मोडली की दुसरं पाकीट. बीटीचं प्रथिन बोंडअळीवर चालतं, तुडतुडे, मावा, फुलकिडे यांच्यावर नाही, म्हणून फवारणी संपत नाही. संकरित झाडाला खत जास्त लागतं आणि बोंडं भरायच्या वेळी ओल हवी असते. हलक्या जमिनीत नेमकी तीच ओल नसते. तेव्हा पाकिटासोबत येणारी १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी बांधाच्या कडेने लावायची असे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. लहान शेतकरी ती लावत नसे, कारण तेवढी कपाशी अळीला सोडून देणं त्याला परवडत नसे. २०१० मध्ये बियाणं तंत्रज्ञान पुरवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही. म्हणजे समिती यवतमाळात पोहोचली तेव्हा तंत्रज्ञानाची मुदत संपत आल्याचा पुरावा कागदावर आलेला होता. २०१७ च्या हंगामात त्याच अळीने महाराष्ट्रभर दुसऱ्या पिढीच्या बीटी कपाशीचीही बोंडं पोखरली.

नियमाच्या दृष्टीने दौरा हा चौकशीतला सर्वांत कच्चा दुवा. दौऱ्यावरची चर्चा अनौपचारिक धरली जाते, तिथे निर्णय घेत नाहीत, साक्षीसारखी शब्दशः नोंद ठेवत नाहीत. दोन गावं म्हणजे नमुना-पाहणीही नव्हे. तरीही अहवालाला जोर आला तो इथूनच, कारण सचिवाच्या सरासरीला छेद देणारं काहीतरी ३१ सदस्यांच्या समितीने स्वतः ऐकलं होतं. कच्चेपणा झाकायचा एकच मार्ग आहे आणि तो समितीच्या हातात असतो: गावात ऐकलेला प्रत्येक मुद्दा परत येऊन लेखी प्रश्न म्हणून खात्याला पाठवायचा, म्हणजे उत्तर नोंदीवर येतं. स्थानिक आमदाराने किंवा खासदाराने दौऱ्याची तयारी करताना हेच पाहावं. हार-तुरे आणि विश्रामगृहातल्या जेवणापेक्षा सातबारा, पीक-पेऱ्याची नोंद, बियाण्याच्या आणि कृषी केंद्राच्या पावत्या, बँकेचा उतारा असलेली दहा-बारा कुटुंबं समितीसमोर बसवली तर परतल्यावर विचारण्याजोगे प्रश्न तयार होतात.

अहवालाची एक कमजोरी इथेच आहे. शीर्षकात अन्नपिकं आणि मजकुरात कापसाचं अर्थकारण, असे दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले. सरकीचं तेल स्वयंपाकात आणि ढेप गुरांच्या दावणीत जाते, म्हणून कापूस अन्नसाखळीबाहेर नाही, हे खरं. पण शेतकरी कर्जात का बुडाला आणि एखादं प्रथिन खायला सुरक्षित आहे का, यांचे पुरावे वेगळे असतात. टीकाकारांनी हा सांधा बरोबर पकडला. ऑक्टोबर २०१२ मध्ये पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागार परिषदेने जनुक-बदल पिकांच्या बाजूने निवेदन काढलं. कृषिमंत्री शरद पवार तर आधीपासूनच शेतातल्या चाचण्यांच्या बाजूचे होते.

अहवाल मांडल्यानंतर

लोकसभेच्या नियमातच लिहिलं आहे की स्थायी समितीच्या अहवालाला ‘विचारपूर्वक दिलेल्या सल्ल्या’चं मूल्य आहे. सरकारवर तो बंधनकारक नाही. अहवालावर सभागृहात आपोआप चर्चा होत नाही. खात्याने तीन महिन्यांत शिफारसवार उत्तर द्यायचं, आणि सहा महिन्यांत मंत्र्याने अंमलबजावणीच्या स्थितीवर सभागृहात निवेदन करायचं, एवढी चौकट आहे. आलेल्या उत्तरांवर समिती पुन्हा बसते आणि कार्यवाही अहवाल काढते. त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे समितीचं स्वतःचं भाष्य. पुढे चार गट: मान्य झालेल्या शिफारशी, उत्तर पटल्यामुळे सोडून दिलेल्या, उत्तर न पटलेल्या आणि अंतरिम उत्तर आलेल्या. वाचायचं ते चौथं आणि पाचवं प्रकरण. ‘शिफारस नोंदली आहे’ असं उत्तर असेल तर खातं काहीही करणार नाही, असा अर्थ घ्यावा.

या अहवालाचं वजन नियमांपेक्षा काळामुळे वाढलं. मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक तज्ज्ञ समिती नेमली होती. तिच्या ऑक्टोबर २०१२ च्या अंतरिम अहवालात बीटी अन्नपिकांच्या शेत-चाचण्या दहा वर्षं थांबवण्याची शिफारस आली. न्यायालयात एक अहवाल, संसदेत दुसरा, दोन्हींची दिशा एक. पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी चाचण्यांची परवानगी अडवून धरली. २०११ पासून चाचणीसाठी राज्याचं ना-हरकत पत्र लागत होतं, त्यामुळे हा सल्ला राज्यांच्याही हातात आला. एप्रिल २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञान नियमन प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. तंत्रज्ञानाचा प्रसार आणि त्याचं नियमन एकाच मंत्रालयाच्या छताखाली ठेवण्याला कृषी समितीने आधीच आक्षेप घेतला होता. तिला हवा होता नॉर्वेच्या जनुक-तंत्रज्ञान कायद्याच्या धर्तीचा, जैवसुरक्षेला अग्रक्रम देणारा कायदा. विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झालं, म्हणजे आपोआप रद्द झालं.

पण अडवलेली परवानगी मंत्री बदलला की सुटते. डिसेंबर २०१३ मध्ये नटराजन मंत्रिमंडळाबाहेर पडल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वीरप्पा मोइली यांनी चाचण्यांचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षी आचार्य बांकुऱ्यातून हरले. पुढच्या लोकसभेत समिती नवी, अध्यक्ष नवे, विषयांची यादी नवी. अशा वेळी जुना अहवाल जिवंत ठेवायचा तर एखाद्या सदस्याने त्यातला परिच्छेद क्रमांक देऊन प्रश्न विचारावा लागतो: ‘३७व्या अहवालातल्या अमुक शिफारशीवर काय कार्यवाही झाली?’ असा प्रश्न टाळायला खात्याला अवघड जातं, कारण संदर्भ संसदेच्याच कागदाचा असतो. मंत्री ‘तपासून पाहू’ म्हणाले तर ते आश्वासन ठरतं. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची असते. समितीतलं काम आणि सभागृहातलं भाषण एकमेकांना असं जोडता येतं, पण बहुतेक सदस्य ते करत नाहीत. सादर होण्यापूर्वी समितीतली साक्ष सभागृहात वापरता येत नाही, आणि सादर झाल्यावर ती वापरायची आठवण कुणाला राहत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यसभेच्या अखत्यारीतल्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण समितीने, रेणुका चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली, आपल्या ३०१व्या अहवालात पुन्हा सांगितलं की स्वतंत्र आणि पारदर्शक तपासणी झाल्याशिवाय नवं जनुक-बदल पीक आणू नये. २०१२ मध्ये कृषी समितीने ज्या हद्दीत पाऊल टाकलं होतं, त्या हद्दीची मूळ मालक हीच समिती. ऑक्टोबर २०२२ मध्ये जनुक-बदल मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला सशर्त परवानगी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ जुलै २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी परवानगी रद्दबातल ठरवली, न्या. संजय करोल यांनी ती कायम ठेवली, आणि मतभेदाचा मुद्दा सरन्यायाधीशांकडे गेला. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं: केंद्राने राज्यं, शेतकरी संघटना आणि तज्ज्ञांशी बोलून जनुक-बदल पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं.